इंग्लिश पास्टोरल सिंफनी कशी ऐकावी: नव्या कानांसाठी

इंग्लिश पास्टोरल संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: छान वाटतं, पण काही घडतच नाही. सूर येतात, तरंगतात, निघून जातात. अर्ध्या तासानं सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, संपते आणि हाती काही लागल्यासारखं वाटत नाही. यात दोष ऐकणाऱ्याचा नसतो आणि संगीताचाही नसतो. चुकलेला असतो तो क्रम. या संगीताचा ठाव घेणारा भाग सर्वात शांत जागी असतो, आणि तिथपर्यंत पोचायला कानाला थोडी तयारी लागते. नीट क्रमानं गेलात तर दोन-तीन आठवड्यांत तिथे पोचता येतं. संगीतवाचन येण्याची गरज नाही. सा रे ग म गुणगुणता आलं तर उत्तम.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. 'पास्टोरल' म्हणजे कुरणांचं, मेंढपाळांचं. नुसतं 'पास्टोरल सिंफनी' शोधलंत तर बेथोव्हेनची १८०८ सालची सहावी सिंफनी समोर येईल. ती वेगळी. आपल्याला हवी आहे ती इंग्लिश संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांची तिसरी, म्हणजे 'अ पास्टोरल सिंफनी'. शोधताना संगीतकाराचं नाव आणि 'सिंफनी नंबर ३' हे दोन्ही टाका. या नावाचा उच्चार स्वतः संगीतकार 'रेफ' असा करत, पण शोधायला 'राल्फ'च लागतं. त्यांच्याबरोबर दोन नावं लक्षात ठेवा: जॉर्ज बटरवर्थ आणि गुस्ताव होल्स्ट. दोघंही व्हॉन विल्यम्स यांचे मित्र आणि संगीतकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगाव फिरून म्हाताऱ्या शेतमजुरांकडून लोकगीतं टिपून घेण्याच्या चळवळीशी तिघांचंही नातं होतं. व्हॉन विल्यम्स यांनी १९०३ पासून अशी आठशेहून जास्त गाणी गोळा केली. पुढे जे ऐकायचं आहे त्याची मुळं त्या गाण्यांत आहेत.

पहिली पायरी: खोली, हेडफोन आणि सेटिंग

या संगीताचा बराचसा भाग अतिशय हळू आवाजात वाजतो. 'अ पास्टोरल सिंफनी'चा वाद्यवृंद मोठा आहे: तीन बासऱ्या, चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, हार्प, सेलेस्टा. पण सगळे मिळून मोठ्यानं वाजतात ते क्षण मोजकेच. म्हणून पंखा, वाहनांचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या यांत निम्मं संगीत बुडून जातं. रात्री दहानंतर किंवा पहाटे ऐका. कान पूर्ण झाकणारे हेडफोन सर्वात बरे. लहान ब्लूटूथ स्पीकर इथे निरुपयोगी ठरतो. डबल बासची खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते आणि तळहाताएवढ्या स्पीकरमधून ती जवळजवळ येतच नाही. खालचा तो मंद आधार गेला की वरचं सगळं पातळ, अधांतरी वाटतं आणि 'काही घडत नाही' ही तक्रार आणखी पक्की होते.

अ‍ॅपमध्ये तीन गोष्टी तपासा. आवाज एकसारखा करणारं 'नॉर्मलायझेशन' बंद करा, कारण काही अ‍ॅपमध्ये ते हळू भाग वर ओढतं आणि मोठे भाग दाबतं. 'शफल' बंद करा. 'ऑटोप्ले'ही बंद करा, नाहीतर शेवटचा सूर विरतो न विरतो तोच दुसरंच काहीतरी धडकतं. आवाजाची पातळी एकदाच ठरवा: सर्वात मोठा भाग सहन होईल इतकी, आणि मग हात लावू नका. हळू भागात आवाज वाढवायचा मोह होतो, तो आवरा. कान ताणून ऐकावं लागणं हा या संगीताच्या परिणामाचाच भाग आहे.

'मन शांत करणारं संगीत' अशा नावाच्या याद्यांमधून मात्र हे ऐकू नका. तिथे सिंफनीचा एखादाच भाग तोडून दिलेला असतो, आणि आधीच 'झोपा' असं सांगितलेलं असतं.

दुसरी पायरी: निषादाचा दोर

ही पायरी पाच मिनिटांची आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ओढाताण न होता गाता येईल असा षड्ज धरा. सा रे ग म प ध नि असं गा आणि शुद्ध निषादावर थांबा. वरच्या षड्जाकडे जायची ओढ लगेच जाणवेल. न गायलात तरी मन तो सा पुरा करतं. बेथोव्हेनपर्यंतचं आणि त्यानंतरचंही बरंचसं पाश्चात्त्य संगीत या दोरावर चालतं. पंचमावर उभ्या केलेल्या कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे काही स्वर) शुद्ध निषाद असतो. तो कॉर्ड वाजला की घराकडे, म्हणजे सा कडे, ओढ लागते. संगीतकार ती ओढ लांबवतो, ताणतो आणि शेवटी सोडतो. 'काहीतरी घडलं' असं आपल्याला वाटतं ते यामुळे.

आता निषाद कोमल करून तेच गा. ओढ बरीच सैल झाली. इंग्लिश लोकगीतांत ही ठेवण वारंवार भेटते. काही आपल्या काफी थाटाच्या स्वरांत असतात, काही खमाजच्या. आता भूपाचे पाच स्वर गा: सा रे ग प ध. यात मध्यम नाही, निषाद नाही, आणि कोणत्याही दोन शेजारी स्वरांत अर्ध्या स्वराचं अंतर नाही. त्यामुळे कुठेही थांबा, त्या जागी थोडा वेळ राहता येतं. घाई कोणालाच नाही.

व्हॉन विल्यम्स यांचं संगीत या सैल दोरावर उभं आहे. त्यांना ओढ निर्माण करता येत नव्हती म्हणून नव्हे. ती त्यांनी जाणूनबुजून काढून घेतली. ओढ नसली की वेळ पुढे धावत नाही, पसरतो. माळावर उभं राहून दूरवर पाहताना होतं तसं. मराठी कानाला हे स्वर ओळखीचे आहेत ही जमेची बाजू. पण एक गोष्ट आडवी येते: आपण नकळत स्थिर षड्ज शोधत बसतो. इथे तानपुरा नाही. षड्ज सतत सरकतो, कधी एकाच वेळी दोन असल्यासारखे वाटतात. तो निसटला की हरवल्यासारखं होतं. निसटू द्या. आणि स्वर भूपाचे म्हणून राग भूप होत नाही. चलन, वादी-संवादी यांतलं काही शोधू नका.

तिसरी पायरी: सहा मिनिटांचं बटरवर्थ

सुरुवात बटरवर्थ यांच्या 'द बँक्स ऑफ ग्रीन विलो' या छोट्या रचनेनं करा. १९१३ ची ही रचना सुमारे सहा मिनिटांची आहे. नेव्हिल मॅरिनर यांनी अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्सबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण सहज मिळतं.

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त क्लॅरिनेटच्या पाठी जा: सुरुवातीची धून तोच घेऊन येतो. तिसऱ्यांदा, मधला जोर ओसरल्यावर बासरी आणि हार्प यांची दुसरी धून येते, तिथे थांबा. सगळं उजळ आहे, उन्हासारखं. मग मूळ लोकगीताची कथा जाणून घ्या. एका शेतकऱ्याची मुलगी जहाजाच्या कप्तानाबरोबर निघून जाते, जहाजावर बाळंत होते, आणि आई-बाळ दोघांनाही समुद्रात टाकलं जातं. वरून कोवळं ऊन आणि खाली हे. या संगीताची ही कायमची ठेवण आहे: दुःख सांगायचं नाही, ते जिथे घडलं ती जागा दाखवायची.

बटरवर्थ ५ ऑगस्ट १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, पोझिएर इथे, वयाच्या ३१व्या वर्षी मारले गेले. त्यांच्या वाद्यवृंदासाठीच्या रचना हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच आहेत. जमल्यास याच बैठकीत त्यांची 'अ श्रॉपशर लॅड' ही दहा-अकरा मिनिटांची रॅप्सडी, म्हणजे मुक्त बांधणीची रचना, ऐका. १९१३ मध्ये ती पहिल्यांदा वाजली, युद्धाच्या एक वर्ष आधी. तिच्यातलं दुःख युद्धाचं असूच शकत नाही, तरी आज ती तशीच ऐकू येते.

चौथी पायरी: चंडोल

व्हॉन विल्यम्स यांची 'द लार्क असेंडिंग' ('लार्क' म्हणजे चंडोल), सुमारे पंधरा मिनिटं. एक व्हायोलिन आणि लहानसा वाद्यवृंद. रचना १९१४ ची, पण युद्ध मध्ये आल्यामुळे ती १९२० मध्ये पुन्हा हाताळून पुरी झाली. वाद्यवृंदासह पहिला प्रयोग जून १९२१ मध्ये लंडनला झाला. मेरी हॉल यांचं व्हायोलिन होतं आणि संचालन एड्रियन बोल्ट यांचं.

चंडोल आपल्याकडेही आहे. इंग्लंडच्या चंडोलाचा जवळचा भाऊबंद महाराष्ट्राच्या माळरानांवर राहतो आणि तोही उडत, हवेत तरंगत गातो. त्याला एकदा ऐकलं असेल तर ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पहिली दोन-अडीच मिनिटं नीट धरा. वाद्यवृंद हळूच एक मऊ आधार देतो आणि थांबून राहतो. त्यावर व्हायोलिन एकटं सुरू होतं. छपाईत इथे मात्रांचे विभाग पाडणाऱ्या उभ्या रेघाच नाहीत, म्हणजे ताल मोजायचाच नाही. स्वर बहुतांश पाचच. एक छोटी गिरकी, तीच पुन्हा, मग किंचित वर, मग पुन्हा थोडी वर. आलापात एकेक स्वर वाढवत जाण्याची सवय असलेला कान इथे लगेच रमतो. मधल्या भागात बासरी आणि ट्रँगलसह गावाकडची चाहूल येते, माणसं आल्यासारखं वाटतं. मग व्हायोलिन पुन्हा एकटं.

शेवटी वाद्यवृंद आधी गप्प होतो. व्हायोलिन बारीक होत वर जातं आणि ऐकू येणं कधी थांबलं ते नक्की सांगता येत नाही. नवखे इथे मोबाइल हाती घेतात. संपल्यावर निदान अर्धा मिनिट काहीही लावू नका. हा रिकामा वेळ रचनेतच धरलेला आहे.

आयोना ब्राउन यांचं मॅरिनरबरोबरचं किंवा ह्यू बीन यांचं बोल्टबरोबरचं ध्वनिमुद्रण निवडा. दोघंही व्हायोलिनची करामत दाखवण्याच्या फंदात पडत नाहीत.

पाचवी पायरी: तीन अंतरं

व्हॉन विल्यम्स यांचीच 'फँटेसिया ऑन अ थीम बाय थॉमस टॅलिस', म्हणजे टॅलिस या जुन्या इंग्लिश संगीतकाराच्या धुनेवरची मुक्त रचना. ६ सप्टेंबर १९१० रोजी ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये पहिल्यांदा वाजली. फक्त तारवाद्यं, पण तीन गटांत: मोठा समूह, त्यापासून शक्यतो दूर बसवलेला नऊ वादकांचा लहान समूह, आणि चार एकल वादक. मूळ धून सोळाव्या शतकातली, १५६७ च्या एका स्तोत्रसंग्रहासाठी टॅलिस यांनी रचलेली. तिचे स्वर भैरवी थाटाचे: रे, ग, ध, नि कोमल. मात्र खालचे कॉर्ड मधूनच शुद्ध गंधार आणतात आणि कोमल-शुद्धाची ती झटापट या रचनेचा प्राण आहे.

हेडफोन लावा, डोळे मिटा, आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: आत्ताचा आवाज जवळून आला की दुरून? मोठा समूह काही म्हणतो, लहान समूह त्याचाच पडसाद देतो, जणू दगडी कमानींच्या पलीकडून. जॉन बार्बिरोली यांनी १९६२ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण यासाठी घ्या. त्या वास्तूतला घुमणारा नाद त्यात उतरला आहे. कोरड्या स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण निवडलंत तर तिन्ही गट एकाच ठिकाणी बसल्यासारखे वाटतात आणि अर्धी गंमत जाते.

हे अंतर कानांत बसलं की सिंफनीची वेळ झाली. तिच्यातली सर्वात हृदय पिळवटणारी दोन ठिकाणं दुरून येणाऱ्या आवाजांचीच आहेत.

सहावी पायरी: 'अ पास्टोरल सिंफनी'

तिचा पहिला प्रयोग २६ जानेवारी १९२२ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये, पुन्हा एड्रियन बोल्ट यांच्याच हाताखाली झाला. नाव ऐकून लोकांनी इंग्लंडची हिरवी कुरणं गृहीत धरली. काहींनी या सगळ्या शैलीची गाई-गुरांवरून टवाळीही केली. खरी गोष्ट निराळी आहे. व्हॉन विल्यम्स वयाच्या ४२व्या वर्षी सैन्याच्या वैद्यकीय पथकात भरती झाले आणि १९१६ मध्ये फ्रान्समध्ये एकॉइव्हर इथे रात्रीमागून रात्री रुग्णवाहिकेबरोबर जात. टेकडी चढून गेल्यावर मावळतीचं जे दृश्य दिसे, त्यातून ही सिंफनी रुजली. हे युद्धातलं संगीत आहे, कोकरांचं बागडणं नव्हे, असं त्यांनीच १९३८ मध्ये पत्रात लिहिलं. तेव्हा ही कुरणं फ्रान्सची आहेत, आणि त्यात माणसं मरत आहेत.

चार भाग आहेत, एकूण साधारण ३५ ते ३८ मिनिटं. ओळीनं ऐकायला बसलात तर बहुधा पहिल्याच भागात मन भटकेल. त्याचं कारण आहे: तीन-तीन स्वरांचे कॉर्ड अख्खेच्या अख्खे उचलून शेजारी ठेवले जातात, चाली एकमेकींत मिसळतात, आणि चारपैकी तीन भागांची गती संथच आहे. विरोध दिसला नाही की नव्या कानाला सगळं एकरंगी वाटतं. आमचा सल्ला: पहिल्या दिवशी फक्त दुसरा भाग. तोही दोनदा.

दुसरा भाग हॉर्नच्या एकट्या आवाजानं उघडतो. खाली तारवाद्यांचा मंद कॉर्ड असतो आणि हॉर्नची ओळ त्याची वाटतच नाही. ही अस्वस्थता मुद्दाम ठेवलेली आहे. भागाच्या मध्यावर सगळं थांबतं आणि धरून ठेवलेल्या सुरावर दूरवरून ट्रम्पेट वाजू लागतं. हा या सिंफनीचा गाभा. युद्धकाळात एक बिगुलवाला सराव करताना वरचा षड्ज गाठायला जाई आणि चुकून त्याच्या खालच्या निषादावर पडे. तो चुकलेला स्वर व्हॉन विल्यम्स यांच्या मनात राहिला आणि इथे आला.

हा निषाद नेहमीचा कोमल निषाद नाही. बिगुलाला कळा नसतात. नळीतून नैसर्गिकपणे निघतात तेवढेच स्वर त्यात वाजतात. त्यांतला सातवा पियानोच्या कोमल निषादापेक्षा अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशानं उतरलेला असतो. हे ट्रम्पेट शक्यतो कळांविना वाजवावं, म्हणजे हे स्वर त्यांच्या मूळ जागी लागतील, अशी सूचना रचनेच्या छापील प्रतीतच दिलेली आहे. पाश्चात्त्य संगीताला सरावलेल्या अनेकांना तो बेसूर वाटतो. श्रुतींचा फरक ओळखणाऱ्या कानाला तो अति-कोमल लागलेला कळतो, आणि त्यातला एकटेपणाही. तुम्ही निवडलेल्या ध्वनिमुद्रणात हा स्वर अगदी सपाट, पियानोसारखा लागत असेल तर दुसरं ध्वनिमुद्रण घ्या. भागाच्या अखेरीस हीच ओळ हॉर्न घेतो, क्लॅरिनेटच्या सोबतीनं.

दुसऱ्या दिवशी चौथा भाग. नगाऱ्याची अगदी हलकी घरघर, आणि तिच्यावर एका स्त्रीचा आवाज. शब्द नाहीत, भाषा नाही, तालही नाही. शब्द कळत नाहीत म्हणून अर्थ शोधायला जाऊ नका. तिथे शब्द लिहिलेलेच नाहीत. मग तारवाद्यं एक संथ, स्तोत्रासारखी धून उभी करतात. पुढे एका जागी, सगळे मिळून, त्या स्त्रीचीच ओळ आक्रोशासारखी म्हणतात. अख्ख्या सिंफनीत दाबून ठेवलेलं इथे एकदाच बाहेर येतं. त्यासाठी पातळी आधीच ठरवून ठेवायला सांगितलं होतं. शेवटी व्हायोलिनचा उंच, बारीक सूर धरलेला राहतो आणि त्याखाली तो आवाज पुन्हा दुरून येतो.

तिसऱ्या दिवशी पूर्ण सिंफनी. आता पहिला भाग पोकळ वाटणार नाही, कारण तो कुठे घेऊन जातो ते ठाऊक आहे. तिसरा भाग जड पावलांच्या नाचासारखा. त्याचा शेवट अचानक वेगवान आणि कुजबुजल्यासारखा होतो. आंद्रे प्रेव्हिन यांचं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचं, हेदर हार्पर यांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आणि बोल्ट यांचं मार्गारेट प्राइस यांच्या आवाजातलं, या दोनांपैकी कोणतंही घ्या, पण तिन्ही दिवस तेच ठेवा. रोज वेगळं ऐकलं तर कान रचनेऐवजी फरक ऐकत बसतो.

इथून पुढे

दुसरं महायुद्ध चालू असताना, जून १९४३ मध्ये, व्हॉन विल्यम्स यांनी स्वतः संचालन करून ऐकवलेली पाचवी सिंफनी हा पुढचा मुक्काम. तिचा तिसरा भाग आधी ऐका. होल्स्ट यांच्याकडे जायचं तर 'एग्डन हीथ' (१९२७) घ्या, पण ती कोरडी, खडबडीत रचना आहे. सुरुवातीलाच घेऊ नका. होल्स्ट संस्कृत शिकले होते, आणि महाभारतातल्या सावित्रीवर त्यांनी १९०८ मध्ये लहानसा ऑपेरा रचला. तीन गायक, मोजकी वाद्यं, आणि त्यातही शब्दांविना गाणाऱ्या स्त्रिया. पास्टोरल सिंफनीतल्या त्या आवाजानंतर 'सावित्री' ऐकली तर दोघा मित्रांचं नातं कानांना कळतं.

छापील स्वरलिपी पाहायची असेल तर एक सोय आहे. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये गेले, त्यामुळे जानेवारी २०१९ पासून त्यांच्या रचना इथे खुल्या आहेत. ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षांची आहे, तेव्हा तिथल्या मराठी वाचकांनी थांबावं किंवा ग्रंथालय गाठावं. ध्वनिमुद्रणांचे हक्क मात्र वेगळे असतात.

प्रत्यक्ष मैफल मिळाली तर सोडू नका. मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिच्या हंगामाची यादी पाहत राहा. इंग्लंडमध्ये असाल तर ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वूस्टर इथे आळीपाळीनं भरणारा थ्री क्वायर्स महोत्सव गाठा, कारण टॅलिसची फँटेसिया जन्मली ती त्याच महोत्सवात. सभागृहात भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. पास्टोरल सिंफनी असेल तर गायिका बहुधा मंचावर दिसणार नाही. तिचा आवाज पडद्यामागून किंवा दारापलीकडून येतो, तेव्हा तिला शोधायला मान वळवू नका. आणि शेवटी आवाज विरला तरी संचालकाचे हात खाली येईपर्यंत टाळी वाजवू नका.